साच्यातून निघेनात मोदक: एका घरगुती चॉकलेट ऑर्डरचा प्रकरण अभ्यास

डोंबिवली पूर्वेच्या एक ताई घरून चॉकलेटं करून विकतात. राखीपौर्णिमेला छोटे डबे, दिवाळीत गिफ्ट पॅक, मधल्या काळात वाढदिवसांची रिटर्न गिफ्ट्स आणि भाद्रपदात चॉकलेटचे मोदक. हात स्वच्छ, हिशेब चोख, गिऱ्हाईक बांधलेलं. एका वर्षी गणपतीच्या तोंडावर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका कंपनीने त्यांना ६० डब्यांची ऑर्डर दिली. डब्यात ११ मोदक, म्हणजे एकूण ६६० नग. अट एकच होती: डब्यावरच्या घटकांच्या यादीत ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’ हे शब्द दिसता कामा नयेत. चॉकलेट हवं ते कोको बटरचं, म्हणजे कोकोच्या बियांतल्याच स्निग्धांशाचं.

ताईंनी हो म्हटलं. नेहमीचा कंपाउंड स्लॅब (म्हणजे कोको बटरऐवजी वनस्पतीचा फॅट घातलेलं चॉकलेट) बाजूला ठेवला, ५४ टक्के कोकोचं डार्क कुव्हर्चर (म्हणजे कोको बटरचं चॉकलेट) आणलं आणि नेहमीच्याच साच्यांत नेहमीच्याच पद्धतीने ओतलं. मोदक निघेनात. जे निघाले त्यांची टोकं साच्यातच राहिली. आणखी काही दिसायला बरे होते, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर पांढुरकी झाक आली. डिलिव्हरीला आठवडाही उरला नव्हता तेव्हा त्यांचा मला फोन आला. निदान त्यांचं त्यांनीच करून टाकलं होतं: “मॅडम, साचे बाद झालेत. नवे चांगले कुठे मिळतील तेवढं सांगा.”

मी चॉकलेटचे वर्ग घेते आणि श्रावण लागला की असे फोन येतातच. साच्यावर संशय जाणं साहजिक आहे, कारण बिघाड डोळ्यांना दिसतो तो साच्यात. पण साचा चॉकलेट सोडत नसतो, चॉकलेट साचा सोडतं. घट्ट होताना ते किंचित आकसतं, भिंतीपासून सुटं होतं, आणि मग साचा उलटा केला की आपोआप खाली पडतं. ते आकसलंच नाही, तर कुठल्याही दुकानातला कितीही महागडा साचा आणा, चॉकलेट त्याला धरून बसणार. या प्रकरणात साच्यांचाही वाटा होता, पण तो शेवटच्या नंबरावर. म्हणून मी त्यांना दुकानाचा पत्ता दिला नाही. म्हटलं, “बिघडलेले मोदक फेकू नका, सगळे तसेच ठेवा, मी बघायला येते.”

टेबलावर मांडलेला पुरावा

ताईंनी तीन ताटांत तीन वेळचे मोदक ठेवले होते, आणि प्रत्येक ताटाचं दुखणं वेगळं होतं.

पहिल्या ताटात निव्वळ कुव्हर्चरचे मोदक. मायक्रोवेव्हमध्ये वितळवून, साच्यात ओतून थेट फ्रीझरमध्ये ठेवलेले. चमक नाही, बोट लावलं की डाग पडतो, मोडले तर ‘कट्’ असा आवाज न येता वाकून तुटतात. काहींवर पांढरा थर होता आणि तो हाताला खरखरीत लागत होता. त्यावर पाण्याचा एक थेंब टाकला तर तो पसरला, म्हणजे तो थर साखरेचा. फ्रीझरमधून काढलेल्या गार चॉकलेटवर दमट हवेतलं पाणी बसतं, ते पृष्ठभागावरची साखर विरघळवतं, आणि पाणी उडून गेलं की साखरेचे कण मागे उरतात. याला शुगर ब्लूम म्हणतात. भाद्रपदातल्या डोंबिवलीत हवा २९ अंश आणि आर्द्रता ८० टक्के धरली, तर दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो. त्याहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी सुटणारच. फ्रीझरमधल्या साच्याची तर बातच सोडा.

दुसऱ्या ताटातले मोदक सुटून आले होते, पण अंगावर तेलकट, फिकट चट्टे. इथे जरा विचारपूस करावी लागली. शेवटी ताईंच्या सासूबाईंनीच सांगितलं, “अगं, चिकटत होते म्हणून मीच म्हटलं, साच्याला तुपाचं बोट फिरव.” खव्याच्या मोदकाला हे अगदी बरोबर आहे. उकडीच्या मोदकालाही साच्यात तूप लावतात. चॉकलेटला मात्र ते बाधतं. तूप कोको बटरमध्ये मिसळतं, त्या जागी चॉकलेटचा पृष्ठभाग मऊ पडतो आणि नीट स्फटिक धरत नाही. सासूबाईंना मी एवढंच म्हटलं की चॉकलेटमध्ये त्याचं स्वतःचं तूप भरपूर असतं, वरून लावायची गरज नाही. ते त्यांना पटलं. पुढे दोन दिवस साचे पुसायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं.

तिसरं ताट सगळ्यात फसवं. हे मोदक करताना ताईंनी खर्च वाचवायला अर्धं कुव्हर्चर आणि अर्धं कंपाउंड एकत्र वितळवलं होतं. मोहाचं कारण कळतं. २०२४ मध्ये कोकोचा जागतिक भाव टनामागे १०,००० डॉलरच्या वर गेला, तेव्हा घरगुती चॉकलेटवाल्यांचं गणित विस्कटलं. पण ज्या दिवशी केले त्या दिवशी ठीकठाक दिसलेले हे मोदक नंतर राखट झाले, आणि हातात घेतले की लगेच मऊ पडत होते. पृष्ठभागावर बोट घासलं तर राखट थर बोटाच्या उबेने विरघळून गेला, म्हणजे हा फॅट ब्लूम, पृष्ठभागावर आलेल्या स्निग्धांशाचा थर. शिवाय ज्या अटीवर ऑर्डर मिळाली, ती या ताटाने मोडलीच होती. ताईंना ते माहीत होतं आणि त्यामुळेच त्या अस्वस्थ होत्या. ते ताट आम्ही तिथल्या तिथे बाद केलं.

आधी जमत होतं ते का?

ताईंचा प्रश्न रास्त होता. “इतकी वर्षं हेच साचे, हाच फ्रीझर, हाच हात. मग आत्ताच काय झालं?”

आपल्याकडची बहुतेक घरगुती चॉकलेटं कंपाउंडची असतात. मोर्डे किंवा तत्सम कंपनीचा स्लॅब आणायचा, चिरायचा, वितळवायचा, ओतायचा. कंपाउंडमध्ये कोको पावडर असते, पण स्निग्धांश असतो वनस्पतीचा, बहुतेक वेळा पाम कर्नेलच्या तेलापासून तयार केलेला. हा फॅट भोळा आहे. थोडा जास्त तापला तरी रुसत नाही, टेम्परिंग (म्हणजे ठरावीक तापमानांतून नेऊन योग्य स्फटिक बसवणं) मागत नाही, झटपट गार केला तर उलट छान बसतो. म्हणून फ्रीझरमध्ये दहा मिनिटं ठेवून साचा टेबलावर आपटला की चॉकलेटं टपाटप बाहेर. ताईंची सगळी पद्धत या फॅटच्या स्वभावावर बेतलेली होती, फक्त ते त्यांना कधी कोणी सांगितलं नव्हतं. कंपाउंडच्या वर्गात टेम्परिंग शिकवतच नाहीत, कारण गरज पडत नाही.

कोको बटरचं तसं नाही. ते सहा वेगवेगळ्या रूपांत स्फटिक धरू शकतं. विली आणि लटन या संशोधकांनी १९६६ मध्ये ही सहा रूपं क्रमाने मांडली, आणि आजही चॉकलेटच्या धंद्यात तेच आकडे बोलले जातात. आपल्याला हवं असतं पाचवं. ते ३३-३४ अंशांना वितळतं, म्हणजे हातात टिकतं आणि तोंडात विरघळतं. ते चमकतं, कट्कन मोडतं, आणि मुख्य म्हणजे घट्ट होताना आकसतं. खालची रूपं सैल बांधणीची. चौथं २७-२८ अंशांनाच वितळू लागतं, म्हणजे पावसाळ्यातल्या आपल्या खोलीच्या तापमानालाही ते उभं राहत नाही. वितळलेलं कुव्हर्चर थेट फ्रीझरमध्ये टाकलं की घाईघाईत ही खालची रूपंच तयार होतात. चॉकलेट घट्ट दिसतं, पण सुटत नाही. साखरेचा थर सोडला तर पहिल्या ताटाचं दुखणं एवढंच होतं.

तिसऱ्या ताटाचं उत्तरही इथेच आहे. कोको बटर आणि पाम कर्नेलचा फॅट एकमेकांत नीट मिसळून स्फटिक धरत नाहीत. दोन्ही एकत्र आले की मिश्रण दोघांपेक्षाही मऊ होतं, आणि काही दिवसांत पृष्ठभागावर राखट थर येतो. कंपाउंडमध्ये कुव्हर्चर घालून त्याचा ‘दर्जा वाढवण्याचा’ सल्ला हमखास ऐकू येतो. तो देणाऱ्यांनी आठवडाभर थांबून डबा उघडून बघावा.

साच्यांची झडती

आता साच्यांकडे. ताईंकडे ते तीन जातींचे होते.

सिलिकॉनचे मोदक साचे लवचिक, स्वस्त आणि मोदकाचा खरा आकार देणारे. खरा मोदक बुडाशी जरा आत वळतो, पोटात फुगतो आणि मग कळ्या जुळत टोकाला जातो. असा फुगलेला आकार कडक साच्यातून सरळ बाहेर येऊच शकत नाही, पोट अडकतं. सिलिकॉन ताणून सोलता येतं, म्हणून ते जमतं. पण सिलिकॉन उष्णता बाहेर लवकर जाऊ देत नाही, त्याच्यातलं चॉकलेट हळू गार होतं, आणि मोदक काढताना आपण साचा दाबतो, वाकवतो, तेव्हा सगळा ताण सगळ्यात बारीक जागी जातो. ती जागा म्हणजे टोक.

पारदर्शक पातळ प्लास्टिकचे ट्रे ही दुसरी जात. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात ते ढिगाने मिळतात. कंपाउंडला हे उत्तम. ताईंचे ट्रे जुने होते आणि भांड्यांबरोबर काथ्याने घासलेले. उजेडासमोर धरले तर आत बारीक ओरखड्यांचं जाळं दिसत होतं. साच्याच्या आतली चमक हीच चॉकलेटची चमक असते. ओरखडा असेल तर तो जसाच्या तसा मोदकावर उमटतो आणि तिथे चॉकलेटला पकडही मिळते.

तिसरा होता सासूबाईंचा, बिजागरीचा ॲल्युमिनियमचा साचा, खव्याच्या मोदकाचा. त्यात चॉकलेट ओतायचा प्रश्नच नव्हता, पातळ चॉकलेट फटींतून गळून जातं. पण कल्पना मात्र जुनी आणि भक्कम आहे. युरोपात एकोणिसाव्या शतकात चॉकलेटचे साचे धातूचेच होते. पॅरिसच्या लेतांग घराण्याचा कारखाना १८३२ चा, ड्रेस्डेनच्या आंतोन राइशेंचा १८७० चा. कलई केलेल्या पत्र्याचे दोन भाग चिमट्यांनी जोडून त्यात ईस्टरचे पोकळ ससे आणि अंडी घडवत. पुढे हे काम पॉलिकार्बोनेटच्या जाड, कडक, काचेसारख्या स्वच्छ साच्यांनी घेतलं. आता व्यावसायिक कामात तेच चालतात.

कुव्हर्चरसाठी मी पॉलिकार्बोनेटच सुचवते, आणि इथेही तेच केलं. ताईंनी १२ घरांचे ६ ट्रे आणले. यातल्या मोदकाचं बूड सगळ्यात रुंद असतं, पोट फुगलेलं नसतं, त्यामुळे दिसायला तो थोडा शंकूसारखा वाटतो. सासूबाईंनी नाक मुरडलं. पण कडक साच्याला ही तडजोड करावीच लागते. पॉलिकार्बोनेटचा दुसरा मोठा फायदा म्हणजे पारदर्शकपणा. तो कसा कामी आला ते पुढे येईलच.

बेडरूममधला कारखाना

स्वयंपाकघर बाद केलं. बाजूला गॅस, कुकरची वाफ, ओले ओटे. चॉकलेटमध्ये पाण्याचा एखादा थेंब पडला तरी साखर तो शोषून घेते, कण एकमेकांना धरतात आणि अख्खं भांडं घट्ट, रवाळ होऊन बसतं. म्हणून डबल बॉयलरलाही सुट्टी दिली, वाफेचा धोका नको. एसीच्या बेडरूममध्ये फोल्डिंग टेबल लावलं, त्यावर प्लास्टिकचा कागद अंथरला. एसी २१ अंशांवर. एसी हवेतलं पाणीही काढून घेतो. आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास आली की दवबिंदू १२ अंशांपर्यंत उतरतो. हा आकडा पुढे फ्रिजच्या वेळी महत्त्वाचा.

टेम्परिंगसाठी दाणे टाकायची पद्धत घेतली, कारण घरी तीच सगळ्यात निभावणारी आहे. दोन-तृतीयांश कुव्हर्चर मायक्रोवेव्हमध्ये थोडं थोडं तापवत, दर वेळी ढवळत, ४५ ते ५० अंशांपर्यंत नेलं. जुने सगळे स्फटिक मोडले पाहिजेत म्हणून एवढं तापवायचं. मग उरलेलं एक-तृतीयांश बारीक चिरून त्यात टाकलं. हे चिरलेलं चॉकलेट कारखान्यातूनच पाचव्या रूपात आलेलं असतं. ते वितळता वितळता आपले स्फटिक बियाण्यासारखे सगळ्या भांड्यात पसरवतं. ढवळत ढवळत तापमान २८ अंशांपर्यंत उतरवलं आणि पुन्हा हलकेच ३१-३२ पर्यंत चढवलं. डार्कसाठी हे आकडे. दुधाचं चॉकलेट असतं तर काम ३० अंशांच्या आत ठेवावं लागलं असतं, पांढरं असतं तर त्याहून एखादा अंश खाली.

थर्मामीटरवरून थोडा गोंधळ झाला. घरात तापाचा थर्मामीटर होता, त्याचा पल्ला ३५ च्या पुढे सुरू होतो, इथे निरुपयोगी. इन्फ्रारेड गन शेजारच्यांकडून मिळाली. ती फक्त वरच्या थराचं तापमान सांगते, म्हणून मोजण्याआधी प्रत्येक वेळी नीट ढवळायचं.

साच्यात ओतण्याआधी परीक्षा घ्यायची. सुरीचं टोक चॉकलेटमध्ये बुडवून टेबलावर ठेवायचं. थंड खोलीत पाचेक मिनिटांत ते एकसारखं घट्ट होऊन चमकायला हवं. पट्टे दिसले किंवा चिकट राहिलं तर ओतायचं नाही, परत ढवळायचं. ताईंना हे थांबणं जड जात होतं. कंपाउंडमध्ये वितळलं की ओतायचं, मध्ये परीक्षा नसते. पण या पाच मिनिटांनी त्यांचे पुढचे काही तास वाचत होते.

साचेही तयार करावे लागतात. कोमट पाण्यात धुवायचे, घासणी लावायची नाही, पूर्ण वाळवायचे आणि कापसाच्या बोळ्याने प्रत्येक घर आतून पुसून चकचकीत करायचं. हे काम सासूबाईंकडे होतं आणि त्यांनी ते समईला झळाळी आणावी त्या निगुतीने केलं. साचा फार गार असेल तर चॉकलेटचा बाहेरचा थर धक्का बसल्यासारखा आळतो आणि फिका पडतो. म्हणून ओतण्याआधी हेअर ड्रायरची एक हलकी झुळूक देऊन साचे २५-२६ अंशांवर आणले. ३२ च्या वर गेलं तर कमावलेलं टेम्पर साच्याच्या भिंतीवरच मोडतं, म्हणून ड्रायर लांबूनच.

टोकाचा प्रश्न

टेम्परिंग जमलं तरी पहिल्या फेरीत काही मोदकांची टोकं तुटली. इथे साच्याची आणि ओतणाऱ्या हाताची भेट होते, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

तुटलेला मोदक मी गरम सुरीने उभा कापला. टोकाच्या अगदी आत एक पोकळी होती. साचा उलटा असतो, म्हणजे टोक तळाला. वरून जाड धारेने ओतलं की तळाच्या चिंचोळ्या जागेतली हवा कोंडली जाते, बाहेर यायला वाट मिळत नाही. टोकाभोवती चॉकलेटचं नुसतं पापुद्र्याएवढं कवच राहतं, ते साच्यातून काढताना तुटतं. यावर उपाय सोपा आहे. नव्या, कोरड्या ब्रशने आधी चॉकलेटचा पातळ थर प्रत्येक घराच्या टोकात आणि कळ्यांच्या खाचांत लावायचा, मग भरायचं, मग साचा टेबलावर सपाट धरून पटापट आपटायचा. वर बुडबुडे येऊन फुटताना दिसतात, ते यायचे थांबेपर्यंत. खालच्या मजल्यावरचे आजोबा वर येऊन विचारून गेले, त्यांना दोन मोदक दिले.

दुसरी अडचण जाडीची. २२ ग्रॅमचा भरीव मोदक म्हणजे चॉकलेटचा बराच जाड गोळा. स्फटिक होताना चॉकलेट स्वतःच उष्णता सोडतं. पातळ वडीत ती लगेच बाहेर जाते. भरीव मोदकाच्या पोटात ती अडकते, आतला गाभा तापतो आणि बाहेर छान बसलेलं टेम्पर आतून बिघडू शकतं. वरून गार, आत अर्धवट पातळ, असा मोदक घाईने काढला की बुडाला खड्डा किंवा चीर पडते.

म्हणून मी भरीव मोदक नकोच म्हटलं. घरं काठोकाठ भरायची, आपटायची, दोन-तीन मिनिटं थांबून साचा भांड्यावर उलटा करायचा आणि जास्तीचं चॉकलेट निथळू द्यायचं. कडा स्क्रॅपरने एका दमात साफ करायच्या. मागे राहतं ते कवच. ते घट्ट झालं की आत सारण, आणि वरून चॉकलेटचाच पातळ थर देऊन बूड बंद. कवच आणि बूड मिळून १३-१४ ग्रॅम चॉकलेट लागतं. भरीव मोदकांना साडेचौदा किलो लागलं असतं, ते काम साडेआठ-सव्वानऊ किलोवर आलं. कुव्हर्चरच्या भावात हा फरक सारणाचा सगळा खर्च भरून वर उरणारा होता.

सारणाचा पहिला विचार अर्थातच ओलं खोबरं आणि गूळ. मोह आवरावा लागला. ओल्या सारणातलं पाणी चॉकलेटला बाधतं आणि असा मोदक फ्रिजबाहेर दोन दिवसही धड टिकत नाही. ताईंनी मंद भाजलेलं डेसिकेटेड खोबरं, बदामाची पेस्ट, गुळाची बारीक पावडर, वेलदोडा आणि सारण धरून ठेवायला थोडं वितळलेलं कुव्हर्चर असं कोरडं सारण केलं. चव नारळीपाकाच्या वडीची आठवण देणारी. भरताना सारण २८ अंशांच्या खाली हवं, गरम सारण कवच आतून वितळवतं.

आता पारदर्शक साच्याचा फायदा. बूड बंद करून ट्रे फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले, तिथे साधारण आठ-दहा अंश असतात, फ्रीझरमध्ये नाही. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर काढून खालच्या बाजूने बघायचं. चॉकलेट साच्याला चिकटलेलं असतं तिथे ते गडद, ओलसर दिसतं. सुटलं की भिंत आणि चॉकलेट यांच्यामध्ये हवेचा पातळ पडदा तयार होतो आणि ती जागा करडी, धुरकट दिसू लागते. पहिल्या ट्रेला कळ्यांवर करडेपणा आला होता, टोकाभोवती मात्र अजून काळा ठिपका होता. ताईंचा हात सवयीने साचा आपटायला उचलला गेला, मी थांबवला. ट्रे परत आत. आणखी काही मिनिटांनी ठिपका गेला. कागदावर ट्रे उलटा केला, बाराच्या बारा मोदक नुसत्या वजनाने खाली आले, टोकांसकट. आपटायची वेळच आली नाही.

ट्रे फ्रिजमधून थेट एसीच्या खोलीतच आणायचा, स्वयंपाकघरातून मिरवत न्यायचा नाही. खोलीचा दवबिंदू १२ च्या आसपास, मोदक दहा-बारा अंशांचे, त्यामुळे पाणी जवळजवळ सुटतच नाही. नशिबाने फ्रिज बेडरूमच्या दाराला लागूनच होता. उघड्या दारातून उष्ण हवा आत येऊ नये म्हणून मधल्या पॅसेजचा पडदा लावून घेतला.

एका फेरीला ७२ मोदक. फुटतूट धरून दहा फेऱ्या ठरल्या. त्यातले नऊ-दहा डझन तयार झाल्यावर ताईंना माझी गरज उरली नाही. टेम्पर बिघडतंय हे त्यांना भांड्यातल्या चॉकलेटच्या जाडीवरूनच कळू लागलं: ते दाट होत चाललं की स्फटिक जास्त झाले, एखादी झुळूक गरम हवेची द्यायची. बाकी काम त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी मिळून उरकलं.

डबे गेल्यावर

डबे बाइकवरून कुरियरने पाठवायचे होते, ते रद्द केलं. एसी टॅक्सीत, थर्माकोलच्या पेट्यांत, कापडात गुंडाळलेल्या जेल पॅकसह गेले. जेल पॅक डब्याला थेट टेकू द्यायचा नाही, तिथेच पाणी सुटतं.

सगळे डबे वेळेवर पोचले. तरीही तक्रार आलीच. कंपनीने काही डबे स्वागतकक्षातल्या गणपतीपुढे नैवेद्याला मांडले. मखराला फोकस लाइट, बाजूला समई. काही तासांत मोदकांचे चेहरे ओघळले. यात बनवणाऱ्याची काही चूक नव्हती, ३३-३४ अंशांना वितळणारी वस्तू दिव्यापुढे ठेवली की ती वितळते. पण गिऱ्हाइकाला हे कोणीतरी सांगायला हवं होतं. आता ताईंच्या कुव्हर्चरच्या डब्यात एक छोटं कार्ड असतं: २५ अंशांच्या आत ठेवा, फ्रिजमध्ये ठेवायचं असल्यास हवाबंद डब्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका.

मला स्वतःला यातून ताईंचा एक निर्णय फार आवडला. त्यांनी कंपाउंड सोडलं नाही. मखरात तासन् तास बसणाऱ्या मोदकाला वनस्पतीचा फॅटच सोयीचा, तो उकाड्यात जास्त तग धरतो, आणि खाणाऱ्याला ते काय आहे हे लेबलवर स्वच्छ सांगितलं तर त्यात कमीपणाही नाही. त्यांच्या दरपत्रकात आता दोन स्वतंत्र रकाने आहेत. नैवेद्याचे मोदक कंपाउंडचे, सिलिकॉनच्या साच्यातले, पोट फुगलेले, सासूबाईंच्या पसंतीच्या आकाराचे. भेटीचे मोदक कुव्हर्चरचे, पॉलिकार्बोनेटमधले, खोबऱ्याच्या सारणाचे, जवळपास दुप्पट दराने. दोन्हींचे साचे, ब्रश आणि भांडी वेगळी, वेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावून. ओरखडे पडलेले जुने प्लास्टिकचे ट्रे शेजारच्या मुलांना साबणाच्या वड्या करायला देऊन टाकले.